गौरीच्या कुर्ल्या

गुहागरहून येणाऱ्या वडापच्या जीपमध्ये गुणवंतीच्या मांडीवर माशांच्या डोक्यांची पिशवी होती आणि मनात धाकटी भावजय. पिशवीचा वास सगळ्या जीपला येत होता, मनातलं मात्र कुणाला कळत नव्हतं. चिपळूण मागे पडलं, खाडीकडचा फाटा आला, तरी तिचं आतल्या आत भांडण चालूच होतं. त्या भांडणात राजश्री एकदाही जिंकली नव्हती, कारण तिची वाक्यंही गुणवंतीच बोलत होती.

शिमग्यात जे झालं ते अजून घराच्या घशात अडकून होतं. पालखी पुढच्या घरी गेल्यावर सगळे जेवायला बसले, आणि धाकट्या अनिलने मान खाली घालून सांगितलं की पुढच्या वर्षापासून गणपती सावर्ड्याच्या आपल्या नव्या घरात आणायचा. थोरला बाबल्या पानावरून उठला. मूळ घरातला देव हलणार नाही, न्यायचाच असेल तर तुझा तू वेगळा आण, असं म्हणून तो जो हात धुवायला गेला, तो भावाशी बोलायला परत आलाच नाही. आज आरतीनंतर भावकीसमोर अनिल पुन्हा तेच विचारणार आणि बाबल्या पुन्हा तेच उत्तर देणार, हे वाडीतल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

दोन गणपती म्हणजे दोन गौरी. या घरची गौर पाणवठ्यावरून आणून उंबरा ओलांडायचा मान लेकीचा, म्हणजे गुणवंतीचा. लग्न झाल्यापासून तिने एक वर्ष चुकवलं नव्हतं. मासळी घेऊन गावोगाव फिरताना पायाचं पीठ होई, नवरा बोटीवर गेला की घर खायला उठे, पण भाद्रपद आला की ती गौर होऊन माहेरी येत असे. दोन उंबरे झाले तर उभं राहायचं कुठल्या? एका भावाकडे गेली की दुसऱ्याचं दार आपोआप लागलं. आणि हे सगळं कशापायी, तर राजश्रीला आपला बंगला लोकांना दाखवायचा होता म्हणून. गुणवंतीने ठरवून टाकलं होतं. हौसावयनीला हाताशी धरायचं, राजश्रीला सरळ करायचं, आणि आरतीच्या आत हा विषय कायमचा मिटवायचा.

अंगणात अनिलची गाडी उभी होती. गाडीला झेंडूची माळ होती. गुणवंतीने माळेकडे बघून नाक मुरडलं आणि मागच्या दाराने आत शिरली.

स्वयंपाकघरात वाफेचं राज्य होतं. थोरली हौसा चुलीपुढे बसून काळ्या वाटाण्यांच्या टोपात पळी फिरवत होती. तिची सून योगिनी तांदूळ धूत होती. राजश्री खाली बसून नारळ खोवत होती. मुंबईच्या नखांनी, हळूहळू. तिची लेक सानवी दाराला टेकून उभी होती आणि कुणी काम सांगितलं तर करायला तयार होती, पण कुणी सांगत नव्हतं.

"आली गो बाय आमची माहेरवाशीण," हौसा म्हणाली. उठायचा प्रयत्न केला आणि गुडघ्यावर हात ठेवून परत बसली. "बसा वन्सं. चाय टाकतंय."

"चाय थर्मासात भरा. बांधावर पिऊ. नि वयनी, यंदा तुमी पन चला."

पळी थांबली. गौरीच्या कुर्ल्यांना, म्हणजे खेकडे धरायला, हौसा कधीच जात नसे. दुसऱ्या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य लागे, कुर्ल्यांचं कालवण आणि वडे. गणपतीबाप्पाला तो वास नको म्हणून मध्ये पडदा धरत. आणि त्या कुर्ल्या घरच्या बायकांनीच खाडीवरून आणायच्या, पुरुषाचा हात लागता कामा नये, असा नियम होता. हा नियम देवीने घातला की मागल्या पिढीतल्या गंगासासूने, याची चौकशी कुणी केली नव्हती. वर्षातून एक संध्याकाळ बायका घराबाहेर पडत, बांधावर पाय सोडून बसत, मनसोक्त चहाड्या करत, आणि मागून हाक मारायला पुरुष येऊ शकत नसे. असा नियम मोडायला कोण जातंय?

"मी? नि ह्या चुलीकडं कोन बगेल?" हौसाने विचारलं.

"दोगे भाव बगतील."

योगिनीच्या हातातले तांदूळ सांडता सांडता राहिले. गुणवंती तोवर पडवीत पोचली होती. बाबल्या समया घासत बसला होता. अनिल अंगणात उभा राहून फोनवर रेंज शोधत होता.

"दादा, वाटाने शिजतायत. अनिल, तू भाताकडं बग. आमी कुर्ल्यांना चाल्लंव."

बाबल्याने समईला सांगितलं, "ज्याला देव न्यायचा हाय त्यानं भात पन शिजवावा." अनिलने फोनला सांगितलं, "मी बघतो, दादांना म्हणावं पळी तेवढी फिरवा." एवढं बोलून दोघंही आत गेले, कारण बहिणीपुढे नाही म्हणायची दोघांचीही लहानपणापासून टाप नव्हती.

खाडीचा बांध घरापासून लांब नव्हता, पण हौसाच्या चालीने लांब झाला. दोन पावलं टाकून ती थांबे आणि थांबण्याचं कारण म्हणून काहीतरी दाखवी: ही बघा आमची नाचणी, हा बघा तेरडा किती फुललाय. योगिनीने सासूचा दंड धरला होता. राजश्री टोपल्या घेऊन मागून येत होती. गुणवंतीला आपल्या बेतापुढे वयनीची चाल दिसली नाही. तिने मनात पहिलं वाक्य जुळवायला घेतलं होतं.

भांगाचे दिवस होते, त्यामुळे भरतीला जोर नव्हता. दिवेलागणीच्या आधीचं पाणी कांदळांच्या मुळांमधून आवाज न करता वर चढत होतं. पाऊस दुपारीच थांबला होता. गुणवंतीने पिशवी सोडली, एकेक डोकं दोरीला बांधलं आणि दोऱ्या वाटल्या. सानवीच्या हातात दोरी देताना तिने सांगितलं, "ओढ लागली का हळू वर घे. घाई केलीस का सोडते. हळू घेतलीस तर येते बरोबर, खानं सोडवत नाय तिला."

पहिली कुर्ली योगिनीला मिळाली. चांगली तळहाताएवढी, नांग्या उगारलेली. गुणवंतीने जाळी खाली घातली, वर घेतली आणि काथ्याने तिच्या नांग्या बांधून टोपलीत टाकली. हौसा बांधावर बसून टोपलीकडे बघत राहिली.

"ह्या अशा धरतात होय?" ती म्हणाली. "माज्याकडं येतात त्या बांधलेल्याच येतात."

सानवीला हे विचित्र वाटलं. "मोठी काकी, तुम्ही कधीच आला नाहीत इथे?"

"कशी येनार? सगळी बाहेर गेली का आत कोनतरी लागतंय."

"आणि उद्या? पडदा धरतात तेव्हा?"

"तेव्हा वडे तळीत असतंय. गरम लागतात देवीला."

"मग तुम्ही गौरीला बघता कधी?"

हौसा हसली. "बगते का नाय. विसर्जनाला निगते तेव्हा मागच्या दारातनं दिसते. पाठमोरी."

गुणवंतीच्या कानावर ते पडलं, पण तिला हवी होती ती वेळ आता आली होती आणि तिने ती सोडली नाही. दोरी खुंटाला गुंडाळून ती राजश्रीसमोर उभी राहिली.

"राजश्री, मी मागनं बोलनारी बाय नाय. तुला तोंडावर सांगतंय. बंगला बांदलास, चांगला झाला. लाद्या लावल्यास, दिवे लावलेस, आमी येऊन तोंड भरून कौतुक करू. पन त्या लाद्यांवर बसवायला आमचा देव न्यायचा, हे कोनी शिकवला तुला? दोन भावांत काडी टाकलीस. दादा शिमग्यापासनं धड जेवत नाय. नि माजा इचार केलास? दोन गौरी झाल्या तर मी कुनाच्या दारात जाऊ?"

राजश्रीच्या हातातली दोरी ताणली गेली होती, पण तिने ती ओढली नाही. तिचे डोळे भरले. तिने हौसाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बोल ना. आता का वाचा बसली? वयनी, तुमी पन सांगा हिला."

"वन्सं," हौसा म्हणाली, "तिला नका बोलू. देव न्या असा मी सांगितला भावजींना."

पाण्यात कुठेतरी मासा उसळला. गुणवंतीला आधी वाटलं, वयनी धाकटीला पाठीशी घालतेय. मग तिने हौसाचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्याला खोटं बोलायची सवय नव्हती.

"कदी?"

"शिमग्याच्या आदी. भावजी मला गुडग्यांसाठी चिपळुनात डाक्टरकडं घेऊन गेले व्हते. डाक्टर बोल्ला, बाय, जमिनीवर बसायचा नाय. मला हसू आला. मी भावजींना बोल्ली, सगळी जमतात, मला बरा वाटतंय, पन मला आता होत नाय. देव तुमच्याकडं न्या. मी पावनी म्हनून येईन, एकदा तरी पाटावर बसेन. पन माजा नाव सांगू नका, शप्पथ हाय. ह्यांना कळला तर मोडून पडतील. आयनं मरताना ह्यांच्या हातात देव दिलान."

"नि हिला?" गुणवंतीने राजश्रीकडे बोट दाखवलं.

"मला त्यांनी घरी आल्या आल्या सांगितलं," राजश्री डोळे पुसत म्हणाली. "ताई, मला कुठे हवाय देव घरात? मला आवडतो, पण मला एकटीला येतंय का ते सगळं? सोवळं, नैवेद्य, भावकीचं जेवण. मी सोमवारी परत नोकरीवर जाणारी बाई. रात्री झोप येत नाही मला. पण मोठ्या वहिनींनी कधी नव्हे ते काहीतरी मागितलं, नाही कसं म्हणणार? लोक मला बोलले ते बोलू दिलं."

गुणवंतीला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. तो राजश्रीवर निघत नव्हता, हौसावरही निघत नव्हता. मग तिला कळलं की तो तिचा तिच्यावरच आहे. दरवर्षी ती यायची, पाय धुऊन घ्यायची, पाटावर बसायची, वयनी गरम वडा पानात टाकायची आणि ती म्हणायची, माहेरासारखं सुख नाय. त्या सुखाला तेल कोण घालत होतं, हे बघायला ती कधी आत गेली नव्हती. जी माणसं घर मोडतायत म्हणून ती शिव्या मोजत आली होती, ती एका बाईला बसायला जागा करत होती. तिला लाज वाटली. पण लाज वाटून गप्प बसणं हा तिचा स्वभाव नव्हता. गुहागरच्या बाजारात तिला कुणी तसं कधी बघितलं नव्हतं.

"कुर्ली गेली बग तुजी," ती राजश्रीला म्हणाली. "दोरी दुसरी घे." मग हौसाच्या शेजारी येऊन बसली. थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तो पहिल्यांदा वयनीच्या हातात दिला.

"वयनी, तुमी चुकलाव."

"असेल."

"देव न्या म्हनून नाय चुकलाव. गुपचूप सांगितलाव म्हनून चुकलाव. आता दोगे भाव भांडतायत, नि दादाला ठावकी नाय का कशावरनं. उद्या दोन गनपती झाले म्हनजे तुमी सुटाल काय? हिकडं पन देव, तिकडं पन देव. तुमच्या चुलीवर वाटाने तेवढेच नि राजश्रीच्या चुलीवर आनखी."

हौसाने हा विचार केलेला नव्हता. चहाचं झाकण तिच्या हातात तसंच राहिलं.

"मग काय करायचा?" योगिनीने विचारलं. या घरची पुढची चूल तिचीच होती आणि ती कान टवकारून ऐकत होती.

"पाळी लावायची," गुणवंती म्हणाली. "एक वर्स हिकडं, एक वर्स सावर्ड्यास. देव एकच, गौर एकच. जिकडं गौर, तिकडं सगळी. नि चुलीला पन पाळी. नुसती बायकांची नाय."

"पुरुष ऐकतील?" राजश्रीने विचारलं.

"गौर कोन आनता?"

"तुम्ही."

"मी नाय आनली तर?"

राजश्रीने योगिनीकडे पाहिलं. योगिनीने सानवीकडे. सानवी म्हणाली, "मी नाही आणणार."

"मी पन नाय," योगिनी म्हणाली.

सगळ्यांनी हौसाकडे पाहिलं. हौसाने चहाचं झाकण खाली ठेवलं. "मी सांगते ह्यांना," ती म्हणाली. "तुमी कोनी नाय बोलायचा. मीच सांगते. नि आरतीनंतर नाय, आरतीच्या आदी."

राजश्रीच्या दोरीला तेवढ्यात ओढ लागली. तिने ती इतक्या सावकाश वर घेतली, की गुणवंतीला काही सांगायची गरज पडली नाही.

घराजवळ आल्यावर आधी वास आला. वाटाणे करपले होते. मागच्या दारातून टोपली आत ठेवताना योगिनीने पाहिलं: दोघे भाऊ टोपाच्या दोन बाजूंना उभे होते, आणि शिमग्यानंतर पहिल्यांदाच एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत होते. पाणी कमी घातलं होतं की जाळ जास्त होता, यावर त्यांचं एकमत होत नव्हतं.

बायकांनी विहिरीवर हातपाय धुतले, लुगडी-साड्या बदलल्या. पाणवठ्यावर गौर म्हणून तेरड्याची जुडी मुळासकट धुऊन, हळदीच्या पानात गुंडाळून सुपात ठेवली. गुणवंतीने सूप उचललं, नेहमीसारखं. नेहमीसारखीच ती पुढे चालू लागली. अंगणात आल्यावर ती थांबली आणि तिने सूप हौसाच्या हातात दिलं.

तिला वाईट वाटलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिने कुणाला दिली नव्हती. पण दिल्यावर हात मागे घेतला नाही.

"वन्सं, हा काय? मान तुमचा."

"धरा वयनी. मी आत जातंय."

आणि ती मागच्या दाराने आत गेली. माजघरातून पुढे येऊन ती उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी राहिली, जिथे दरवर्षी हौसा पदर खोचून, तांब्या घेऊन उभी असे. पडवीत भावकी जमली होती. बाबल्याने बहिणीला आत आणि बायकोला बाहेर पाहिलं आणि त्याच्या हातातली घंटा थांबली.

"हा काय नवीन? असा कदी झाला नाय आपल्या घरात."

"दादा, वयनीला तुज्याशी बोलायचा हाय," गुणवंती म्हणाली. "तवर गौर बाहेर."

हौसाने सूप छातीशी धरलं. मागे राजश्री, योगिनी आणि सानवी उभ्या होत्या. आयुष्यभरात नवऱ्याशी ती इतक्या लोकांसमोर कधी बोलली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "देव सावर्ड्यास न्या असा मीच सांगितला भावजींना. मला होत नाय. गुडगे संपले माजे. तुमाला सांगायला जीभ रेटली नाय, ती माजी चूक. भावजींना बोल लावू नका नि राजश्रीला तर मुळीच नको. आता आमी बायांनी ठरवलाय. एक वर्स हिकडं, एक वर्स तिकडं. देव एकच. दोन आनलाव तर दोगांच्या पन घरात गौर येवची नाय, आनायला बाय मिळनार नाय."

बाबल्या अनिलकडे वळला. "नि तू बोल्लास का नाय मला?"

"वहिनींनी शपथ घातली होती."

"शपथ घातली म्हनून माज्या शिव्या खाल्ल्यास?"

"मग काय करणार होतो, दादा?"

बाबल्याने घंटा खाली ठेवली. तो बायकोच्या पायांकडे बघत होता. रोज समोर वावरणारे ते पाय त्याने कधी थांबून बघितले नव्हते. घोटे सुजलेले, एक पाय किंचित वाकडा टेकलेला. मग तो कोपऱ्यात गेला, पाण्याने भरलेली कळशी उचलली आणि बहिणीच्या हातात दिली.

"पाळी म्हनजे पाळी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मागनं कोनी बदलायची नाय. नि वाटाने अनिलनं करपवलान, माज्या नावावर नको."

गुणवंती खाली बसली. उंबऱ्याबाहेरचे वयनीचे पाय तिने कळशीतल्या पाण्याने धुतले, वर थोडं दूध घातलं, हळदकुंकू लावलं. टाचांच्या भेगांत खाडीचा चिखल अजून होता. तो तिने बोटाने काढला. हौसा पाय मागे घेऊ पाहत होती, गुणवंतीने घोटा सोडला नाही.

मग ती उठून उभी राहिली आणि दरवर्षी हौसा तिला विचारायची ते विचारलं.

"कोन आली?"

"गौर आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या पावलांनी, असं उत्तर होतं. हौसाला ते पाठ होतं. आतल्या बाजूने ते तिने इतक्या वेळा ऐकलं होतं. तिने तोंड उघडलं, आपल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "माज्या पावलांनी आली."

कुणी तिला सुधारलं नाही. राजश्रीने मागून थाळी वाजवली. हौसा उजवा पाय आधी उचलून उंबऱ्याच्या आत आली, सूप सांभाळत, मान ताठ ठेवून. आरास समोर होती, दिवे लागले होते, गौरीसाठी पाट मांडलेला होता. हौसाने तिकडे एकदा पाहिलं, आणि पाय आपोआप डावीकडे वळले, स्वयंपाकघराकडे.

गुणवंती तिच्या वाटेत उभी राहिली. तिने वयनीचे दोन्ही खांदे धरले आणि तिला हळूच फिरवलं.

"तिकडं नाय वयनी," ती म्हणाली. "देव हिकडं हाय."